विकासक बदलला, हे जुन्या खरेदीदाराला कोण सांगणार?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत अलीकडे एका विशिष्ट प्रकारच्या जाहिराती वारंवार दिसतात. प्रकल्पाचे नाव नवे असते, समूहाचे बोधचिन्ह नवे असते, वर ‘नव्याने सादर’ असे शब्द असतात. परंतु पत्ता वाचला की त्या भागात राहणाऱ्या माणसाच्या लक्षात येते की कित्येक पावसाळे सोसत उभा असलेला तो सांगाडाच हा. जुन्या विकासकाला पैसा कमी पडला, त्याने प्रकल्प दुसऱ्याकडे सोपवला आणि दुसऱ्याने तो नव्या नावाने बाजारात आणला. यात गैर काही नाही. अर्धवट इमारती पूर्ण होण्याचा पुष्कळदा तेवढाच एक व्यवहार्य मार्ग असतो. मला बोलायचे आहे ते त्या जाहिरातीच्या वाचकाविषयी. ती लिहिलेली असते नव्या गिऱ्हाइकासाठी, परंतु तिचा शब्दन् शब्द वाचतो तो त्याच इमारतीत पूर्वी पैसे गुंतवून बसलेला खरेदीदार, आणि विकासक बदलल्याचे त्याला अनेकदा पहिल्यांदा कळते ते वृत्तपत्रातूनच. पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातील गृहप्रकल्पांच्या विक्री-प्रसिद्धीचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे आणि त्या व्यवसायातला माणूस म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

असे कसे होऊ शकते, असे कायद्याची माहिती असलेला वाचक विचारील, आणि त्याचा प्रश्न रास्त आहे. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ (म्हणजेच ‘रेरा’) च्या कलम १५ प्रमाणे प्रवर्तकाला, म्हणजे विकासकाला, प्रकल्पातील आपले बहुसंख्य हक्क आणि दायित्वे त्रयस्थाकडे सोपवायची असतील, तर दोन तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती आणि प्राधिकरणाची, म्हणजे आपल्याकडे महारेराची, लेखी पूर्वमान्यता घ्यावी लागते. एखाद्याने किंवा त्याच्या कुटुंबाने कितीही सदनिका घेतल्या असल्या, तरी संमतीच्या मोजणीत तो एकच धरला जातो. ही तरतूद विशेष शहाणपणाची आहे, कारण बिल्डरच्या मर्जीतल्या गुंतवणूकदाराने दहा सदनिकांच्या जोरावर दहा मते देण्याची वाट तिने बंद केली. नव्या प्रवर्तकावर जुन्या करारनाम्यांतील सर्व प्रलंबित जबाबदाऱ्या येतात, जुन्या वाटपाला धक्का लागत नाही आणि केवळ मालक बदलला म्हणून प्रकल्प पूर्ण करण्याची मुदत वाढवून मिळत नाही.

परंतु प्रकल्प दर वेळी याच वाटेने हात बदलत नाही. कधी प्रकल्प ज्या कंपनीच्या नावावर आहे त्या कंपनीचे भागभांडवलच विकले जाते; मग महारेराच्या संकेतस्थळावर प्रवर्तकाचे नाव तेच राहते आणि त्यामागची माणसे बदलतात. कधी एखादा मोठा समूह ‘डेव्हलपमेंट मॅनेजर’ म्हणून येतो. अशा वेळी जमीन, करारनामे आणि देणी मूळ मालकाकडेच राहतात. मोठ्या समूहाचे नाव, विक्री यंत्रणा आणि बांधकामावरील देखरेख तेवढी शुल्क घेऊन पुरवली जाते. होर्डिंगवर त्या समूहाचे नाव फूटभर अक्षरांत असते आणि करारनाम्यावरची सही मात्र खरेदीदाराने कधीही न ऐकलेल्या कंपनीची असते. आणि कधी प्रकल्प दिवाळखोरी संहितेखाली, राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणातून येतो. २०१८ पासून गृहखरेदीदारांना या संहितेत वित्तीय धनकोंचा, म्हणजे कर्ज देणाऱ्या बँकांसारखा, दर्जा आहे, त्यामुळे धनको समितीत त्यांना मत आहे. मात्र कंपनी ताब्यात घेऊन सावरण्याची योजना एकदा मंजूर झाली की नवा मालक त्या योजनेला बांधील असतो आणि तिच्यात न धरलेले जुने दावे संपुष्टात येतात. जुन्या माहितीपुस्तिकेत दाखवलेला जलतरण तलाव मिळणार की नाही, याचे उत्तर कलम १५ खाली एक असेल आणि दिवाळखोरीच्या मार्गाने आलेल्या प्रकल्पात दुसरेच असेल. जाहिरातीत मात्र हे सगळे मार्ग एकसारखेच दिसतात. ‘हा प्रकल्प आमच्याकडे अमुक मार्गाने आला आणि पूर्वीच्या करारांपैकी अमुक गोष्टी आम्हाला बंधनकारक आहेत’ असे एक साधे वाक्य छापलेली जाहिरात माझ्या पाहण्यात आलेली नाही.

पुणेकरांना उदाहरणासाठी दूर जावे लागत नाही. ‘घराला घरपण देणारी माणसं’ हे डी. एस. कुलकर्णी समूहाचे वाक्य एका पिढीला तोंडपाठ होते. त्या समूहाच्या सूचिबद्ध कंपनीवर २०१९ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि २०२३ मध्ये न्यायाधिकरणाने दुसऱ्या कंपनीची योजना मंजूर केली. अशा हस्तांतरात जमिनी, कर्जे, खटले यांची वाटणी कागदोपत्री होते. ज्या वाक्यावर विसंबून लोकांनी आयुष्याची पुंजी दिली, त्या वाक्याची जबाबदारी कोणाकडे गेली, हे कोणत्याच दस्तात नसते. खरे तर अधिनियमाच्या कलम १२ ने जाहिरातीला कायदेशीर वजन दिले आहे: जाहिरातीतील किंवा नमुना सदनिकेतील खोट्या अथवा चुकीच्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचे नुकसान झाले, तर प्रवर्तकाने भरपाई द्यावी लागते. मग प्रकल्प विकताना जुन्या जाहिराती आणि माहितीपुस्तिका दायित्वांच्या यादीत का नसाव्यात? त्यांची एक एक प्रत हस्तांतराच्या दस्ताला जोडली, तर आपण नेमके काय विकत घेत आहोत हे नव्या विकासकालाही कळेल.

कलम १५ च्या मार्गाने जाणाऱ्या प्रकल्पांतही संमती कशी मिळवली जाते, ते पाहण्यासारखे आहे. मंगल कार्यालयाचे सभागृह घेतले जाते, पडद्यावर नवे प्रवेशद्वार, नवे क्लबहाउस आणि रोषणाई केलेला दर्शनी भाग दाखवला जातो, अल्पोपाहार होतो आणि बाहेर पडण्याच्या दाराशी मेजावर संमतिपत्रांचे गठ्ठे मांडलेले असतात. ही सभा विक्री विभागाने आखलेली असते, हे वेगळे सांगायला नको. सादरीकरणात जे नसते त्याची यादी अधिक बोलकी आहे. ताब्याची मूळ नोंदलेली तारीख, आधीच दिलेल्या पार्किंगच्या जागा, जुन्या पुस्तिकेतील कोणत्या सोयी राहणार आणि कोणत्या जाणार, विलंबाचे थकलेले व्याज कोण देणार, मंजूर नकाशात बदल होणार का, हे विषय प्रश्नोत्तरांवर ढकललेले असतात आणि प्रश्नोत्तरांच्या वेळी जेवणाची वेळ झालेली असते. इमारतीच्या मंजूर नकाशात मोठा बदल करायचा असेल तर कलम १४ खाली पुन्हा दोन तृतीयांश संमती लागते. ती याच गठ्ठ्यात उरकून घेण्याचा मोह अनेकांना होतो. अधिनियमातील जाहिरातीची व्याख्या बरीच विस्तृत आहे आणि प्रकल्पाची माहिती देणारी कोणत्याही स्वरूपातील प्रसिद्धी तिच्यात येते. त्यामुळे संमतीच्या सभेतील सादरीकरण हीसुद्धा जाहिरातच मानावी, तिची प्रत मान्यतेच्या अर्जासोबत महारेराकडे जावी आणि पुढे कलम १२ चा प्रश्न उद्भवला तर ती पुरावा म्हणून उपलब्ध असावी, असे माझे मत आहे.

संमती आणि मान्यता यांच्या मधला काळ सर्वांत अवघड असतो. जुना विकासक बोलत नाही, कारण व्यवहार फिसकटेल अशी त्याला भीती असते. नवा बोलत नाही, कारण त्याला अजून अधिकार नसतो. आणि दोघांचे वकील गप्प राहण्याचा सल्ला देतात. साइट ऑफिसला कुलूप लागते, विक्रीतील मुले दुसरीकडे नोकरीला लागतात, होर्डिंगवरचा दूरध्वनी क्रमांक लागेनासा होतो. या शांततेत बोलतो तो एजंट. प्रकल्प बुडाला, पैसे अडकले, आता मिळेल त्या किमतीला सदनिका काढून टाका, असे सांगून घाबरलेल्या खरेदीदारांकडून स्वस्तात हक्क घेतले गेल्याचे मी पाहिले आहे. याहून गंभीर धोका पैशांचा आहे. खरेदीदारांकडून येणाऱ्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. अशा काळात नव्या लेटरहेडवर, नव्या खाते क्रमांकासह मागणीपत्र आले, तर ते खरे की खोटे हे ठरवण्याचे साधन सामान्य माणसाकडे नसते. ‘हस्तांतराची बोलणी चालू आहेत, मान्यतेसाठी अर्ज केलेला आहे, तोपर्यंत हप्ता पूर्वीच्याच खात्यात भरावा आणि शंका असल्यास या क्रमांकावर विचारावे’ एवढे चार ओळींचे पत्र पाठवायला कोणत्याही वकिलाची हरकत असू नये. प्रसिद्धीच्या अंदाजपत्रकात याचा खर्च इतका किरकोळ आहे की तो कोणी लिहीतही नाही, आणि बहुधा म्हणूनच ते पत्र जात नाही.

आता थोडे आमच्या कामाच्या अंतर्भागाविषयी लिहितो, कारण गोंधळाचे मूळ बरेचसे तिथे आहे. हस्तांतराच्या दस्तात सातबारा उतारा असतो, मंजूर नकाशे असतात, बँकांची ना हरकत पत्रे असतात, ठेकेदारांची देणी असतात. प्रकल्पाचे संकेतस्थळ कोणाच्या नावावर नोंदलेले आहे, हे त्यात नसते. शोधायला गेले तर ते संकेतस्थळ बनवणाऱ्या एखाद्या मुलाच्या नावावर निघते आणि त्याचे बिल थकलेले असते. गूगल नकाशावरील प्रकल्पाची नोंद नोकरी सोडून गेलेल्या विक्री अधिकाऱ्याच्या खासगी ईमेलशी जोडलेली असते. फेसबुकच्या पानाचा ताबा जाहिरात संस्थेकडे असतो आणि त्या संस्थेचेही पैसे राहिलेले असतात. होर्डिंगवर आणि पत्रकांवर छापलेले क्रमांक तर प्रकल्पाचे नसतातच. ते कॉल मोजणाऱ्या सेवेकडून भाड्याने घेतलेले असतात आणि भाडे थांबले की बंद होतात, किंवा काही महिन्यांनी दुसऱ्याच कोणाला दिले जातात. मालमत्ताविषयक पोर्टलांवर एजंटांनी टाकलेल्या नोंदी जुन्या दरांसह, जुन्या छायाचित्रांसह वर्षानुवर्षे तशाच राहतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनुसार व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्याचे शीर्षनाम आणि संदेशाचे नमुने नोंदवावे लागतात. ही नोंदणी जुन्या कंपनीच्या नावावर असल्यामुळे खरेदीदारांना ज्या नावाने संदेश येत असत ते नाव नव्या विकासकाला सरळ वापरता येत नाही. किराणा दुकान विकत घेणारा माणूस मालाच्या आधी उधारीची वही मागतो. शेकडो कोटींचा गृहप्रकल्प घेणाऱ्याला चौकशीची वही कोणाकडे आहे हे विचारायचेही पुष्कळदा सुचत नाही.

त्या वहीचा प्रश्न वेगळाच आहे. चौकशी केलेल्यांची नावे आणि भ्रमणध्वनी क्रमांक ही जुन्या विकासकाला एका विशिष्ट कामासाठी दिलेली माहिती असते. २०२३ चा वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा संमतीला आणि ती कोणत्या हेतूने दिली याला महत्त्व देतो. ज्याने सदनिका घेतली आहे त्याच्याशी संपर्क साधणे हे नव्या विकासकाचे कर्तव्यच आहे. परंतु ज्याने पाच वर्षांपूर्वी एकदा साइटवर येऊन दर विचारला होता त्याचा क्रमांक वाटाघाटीत वस्तूसारखा दिला-घेतला जावा, हे मला योग्य वाटत नाही. या दोन याद्या वेगळ्या ठेवण्याची शिस्त आमच्या व्यवसायात अजून रुजलेली नाही.

जुने खरेदीदार शोधून काढणे हे किती मोठे काम असते, हे नोएडा आणि ग्रेटर नोएडा येथील आम्रपाली प्रकरणात देशाने पाहिले. त्या समूहाच्या जाहिरातींत महेंद्रसिंह धोनी होते. घरे मिळाली नाहीत तेव्हा संतप्त खरेदीदारांनी समाजमाध्यमांवर जाब विचारला तो त्यांना, आणि २०१६ मध्ये त्यांनी ब्रँड ॲम्बेसेडरची भूमिका सोडली. २३ जुलै २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समूहाची रेरा नोंदणी रद्द केली, अपूर्ण प्रकल्प पूर्ण करण्याचे काम ‘एनबीसीसी’ या सरकारी कंपनीकडे दिले आणि न्यायालयाच्या वतीने कारभार पाहणारा रिसीव्हर नेमला. एवढी गाजलेली घटना, रोज बातम्या, न्यायालयाचा आदेश. तरीही २०२१ मध्ये अशी स्थिती होती की हजारो खरेदीदारांनी खरेदीदारांच्या यादीत आपली नोंदणीच केलेली नव्हती आणि पैसेही भरणे थांबवले होते, तेव्हा त्यांच्या सदनिका रद्द होतील अशी सूचना द्यावी लागली. पत्ते बदललेले असतात, माणसे परदेशी गेलेली असतात, मूळ खरेदीदार वारलेले असतात आणि वारसांना काही ठाऊक नसते. आपल्याकडे मराठी माणसाने निवृत्तीच्या पैशांतून पुण्यात घर नोंदवायचे आणि मुले अमेरिकेत किंवा बेंगळुरूला राहायची, हे चित्र घरोघरी आहे. अशा खरेदीदारापर्यंत पोहोचण्यासाठी जी साधने लागतात, म्हणजे याद्या, संदेश, दूरध्वनी केंद्र, वृत्तपत्रातील निवेदन, ती सगळी प्रसिद्धी विभागाकडे असतात. ती प्रथम या कामाला लावली आणि नंतर नव्या विक्रीला, तर बिघडेल काय?

बिघडते ते मुहूर्ताचे. हस्तांतर झालेल्या प्रकल्पाची जाहिरात बहुधा गुढीपाडव्याला किंवा दसऱ्याला यायची असते, कारण घरांची मोठी नोंदणी त्याच दिवसांत होते आणि नव्या विकासकाला न विकलेल्या सदनिकांतून पैसा लवकर उभा करायचा असतो. महारेराची मान्यता मे महिन्यात येणार असली तरी पुरवणीतील पान पाडव्यासाठी आधीच राखलेले असते. मग नमुना सदनिका घाईने सजवली जाते आणि तिच्यासमोरच्या जिन्यातून जुने खरेदीदार आपल्या प्लास्टर न झालेल्या घरात डोकावायला जात असतात. नवे गिऱ्हाईक त्यांना भेटते, विचारते, आणि पानभर जाहिरातीने उभा केलेला विश्वास तिथल्या तिथे मोडतो. ज्या विकासकांनी आधी जुन्या खरेदीदारांची सभा घेऊन प्रत्येक मजल्याचे वेळापत्रक लेखी दिले, त्यांच्या साइटवर याच्या नेमके उलट घडते. जुना खरेदीदार स्वतःहून चांगले बोलतो, आणि त्याच्या शब्दाला जे मोल आहे ते कोणत्याही सिनेतारकेच्या छायाचित्राला नाही. हे मी केवळ नीतीचा मुद्दा म्हणून मांडत नाही. विक्रीच्या हिशेबानेही तेच फायद्याचे आहे.

नाव बदलण्याबाबतही थोडे सबुरीने घ्यायला हवे. नव्या समूहाला जुन्या नावाशी जोडलेली बदनामी नको असते, हे समजण्यासारखे आहे. परंतु करारनाम्यात, त्याच्या सरकारी नोंदणीच्या उताऱ्यात म्हणजे इंडेक्स टूमध्ये, बँकेच्या कर्जाच्या फायलीत, काही इमारतींत ताबा झाला असेल तर मालमत्ता कराच्या बिलात आणि सहकारी संस्थेच्या नोंदणीत जुनेच नाव राहते. बँकेचा अधिकारी पाहणीला येतो आणि फाटकावरचे नाव कागदाशी जुळत नाही म्हणून परत जातो. गूगल नकाशावरील जुनी नोंद बंद करून नवी काढली की लोकांनी लिहिलेले जुने अभिप्रायही दिसेनासे होतात, आणि पुष्कळदा नाव बदलण्यामागचा खरा हेतू तोच असतो. तीच नोंद चालू ठेवून तिच्यावर नव्या विकासकाने प्रत्येक तक्रारीखाली ‘अमुक तारखेपासून प्रकल्प आमच्याकडे आहे, आपले काम या टप्प्यावर आहे’ असे उत्तर लिहिले, तर वाचणाऱ्याला जुना इतिहासही कळतो आणि नवी वागणूकही. नवे नाव द्यायचेच असेल तर अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर, होईपर्यंत प्रत्येक जाहिरातीत, फलकावर आणि पत्रावर त्याखाली पूर्वीचे नाव छापणे सक्तीचे करावे.

जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासात विकासक बदलतो तेव्हा परिस्थिती थोडी निराळी असते, कारण तेथे जमीन बहुधा सभासदांच्या सोसायटीच्याच मालकीची असते आणि सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालील ४ जुलै २०१९ च्या निर्देशांनी निवडीची पद्धत बऱ्यापैकी आखून दिली आहे. तरीही विक्रीसाठीच्या सदनिका घेतलेले बाहेरचे खरेदीदार तेथेही असतातच, आणि सोसायटीने विकासकाला काढून टाकल्याचे त्यांना कळवण्याची जबाबदारी कोणीच आपली मानत नाही.

महारेराने जाहिरातींच्या बाबतीत चांगली पावले उचलली आहेत, हे नमूद केले पाहिजे. १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणी क्रमांकासोबत क्यूआर कोड छापणे बंधनकारक झाले, तो नसल्यास १० हजारांपासून ५० हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला, आणि २०२५ मध्ये हा मजकूर जाहिरातीच्या वरच्या उजव्या भागात ठळक छापण्याचे आदेश दिले. पण क्यूआर कोडने उघडणाऱ्या पानावर जुन्या प्रवर्तकाचे नाव आणि हातातल्या जाहिरातीत नव्या समूहाचे बोधचिन्ह, अशी विसंगती दिसली तर वाचकाने काय समजावे? भागभांडवलाची विक्री की डेव्हलपमेंट मॅनेजर, की मान्यता मिळण्याआधीच दिलेली जाहिरात? पूर्वीच्या प्रवर्तकाचे नाव, बदलाचा मार्ग, मान्यतेची तारीख आणि जुन्या खरेदीदारांनी संपर्क साधावयाचा क्रमांक एवढी माहिती त्याच पानावर सर्वांत वर देण्याची सोय महारेराला आपल्या संकेतस्थळावर करता येईल. मान्यतेच्या आदेशानंतर ठरावीक दिवसांत प्रत्येक खरेदीदाराला मराठीत पत्र गेल्याचा पुरावा मिळेपर्यंत नव्या जाहिरातीला परवानगी नसावी, अशी अटही आदेशातच घालता येईल.

आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. जाहिरात स्वीकारताना वृत्तपत्रे नोंदणी क्रमांक तपासतात. जाहिरातीच्या अर्जात ‘या प्रकल्पाचा प्रवर्तक, त्याची मालकी किंवा प्रकल्पाचे नाव यापूर्वी बदलले आहे काय? असल्यास पूर्वीचे नाव लिहावे’ असा आणखी एक रकाना घालावा, आणि उत्तर होकारार्थी असेल तर ते पूर्वीचे नाव जाहिरातीत नव्या नावाखाली निदान संपर्क क्रमांकाएवढ्या अक्षरांत छापावे. येत्या पाडव्याच्या पुरवणीपासून आपल्या जाहिरात विभागाने याची सुरुवात करावी, अशी विनंती आहे.

आपला विश्वासू,
गृहप्रकल्प विक्री-प्रसिद्धी क्षेत्रातील एक वाचक,
कोथरूड, पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे आहे)